धर्माची हाळी

आमची पलटण सरहद्दीवर गेली तेव्हा तिच्यामागे खोपोलीचे डोलीवाले होते. बोरघाटातून आगगाडी सुरू झाली आणि साहेबलोकांना डोलीत घालून वर नेण्याचा त्यांचा धंदा बसला. मग ते पलटणीत जखमी उचलायच्या कामाला लागले. मी लोधिवलीचा, साधा शिपाई. ओटीवर बसून लढाईच्या गोष्टी मागणाऱ्या गावातल्या शहाण्यांना एवढंच हवं असतं, की मी किती पठाण मारले. डोलीवाल्यांचं नाव काढलं की त्यांना जांभया येतात. येऊ देत.

आमच्या जमादारांचीही तीच तऱ्हा. डोलीवाल्यांना ते हमाल म्हणत आणि त्यांच्या हाळीची नक्कल करून हसत. डोलीमागच्या गड्याला पुढची वाट दिसत नाही. म्हणून पुढचा ओरडून सांगतो आणि मागचा ‘हाय’ म्हणून पाऊल टाकतो. घाटात ही रीत मोडली तर डोली दरीत. आमच्या डोलीला पुढे धर्मा असायचा. त्याच्याएवढा खणखणीत गळा पलटणीत दुसरा नव्हता.

त्या सकाळी दाट धुकं होतं. नाल्यात चकमक झाली आणि जमादारांच्या मांडीत गोळी शिरली. डाक्टरसाहेबांनी जखम आवळून बांधली. लवकर इस्पितळाच्या तंबूत पोचले नाहीत तर संपले, म्हणाले. हुकूम झाला: आवाज न करता मागे न्या. एस्कॉर्टला मी.

वाट सगळी धोंड्यांची. थोडं अंतर गेल्यावर धर्माच्या तोंडून सवयीनं निघालं, “डावीकडं धोंडा हाय!”

“हाय!” मागच्यानं साद दिली.

टेकडीवरून फायर आला. एक गोळी डोलीच्या बांबूला चाटून गेली.

“गप रे हमालांनो!” जमादार डोलीतून किंचाळले. “मला मारता काय?”

धर्मानं बांबू माझ्या खांद्यावर दिला.

“धरा शिपाईबुवा. बोलू नगा. सरळ खाली जावा.”

“आन तू रं?”

“मी तिकडं जाऊन वरडतो.”

तो नाल्यापलीकडे धावला आणि घाटातल्यासारखी हाळी देऊ लागला. धोंडा हाय, पानी हाय, उतार हाय. एकटा, हातात काठीसुद्धा नाही. सगळा फायर त्याच्यामागे गेला. आम्ही मुकाट, पायानं वाट चाचपत उतरलो. तंबू दिसला तेव्हा हाळी थांबली होती. धुकं विरल्यावर त्याला आणलं, त्याच डोलीतून.

जमादार वाचले. बरे झाल्यावर त्यांनी जबानी दिली, की डोलीवाल्यांच्या बोंबलण्यानं घात झाला आणि त्यातला एक पळाला. ज्याच्या जिवावर जगलो त्यालाच पळपुटा म्हणायला जीभ कशी रेटते, हे मला आजवर कळलेलं नाही. मी कर्नलसाहेबांपुढे अटेन्शन उभा राहून घडलं ते सांगितलं. नाल्यापलीकडची हाळी डाक्टरसाहेबांनीही ऐकली होती, त्यांनी दुजोरा दिला. मेडल धर्माच्या नावानं आलं. परेडवर ते नाव पुकारलं तेव्हा जमादारांना सलाम ठोकावा लागला. ठोकला, एरंडेल प्यायल्यासारखं तोंड करून. आता पेन्शनीत आहेत आणि खालापुरात शूर म्हणून हार घालून घेतात. हार घालणारेही त्याच लायकीचे.

मेडल मीच खोपोलीला नेलं. धर्माच्या बायकोनं, सगुणानं, ते उलटसुलट करून पाहिलं.

“घाटातनं त्याची हाळी आयकली का मी भात टाकायची,” ती म्हणाली. “पलटणीत गेला तरी सांजला कान तिकडंच असायचा. आता कान कुठं लावू, भाऊ?”