दारात होडी आणणारे जावई

उतावळ्या माणसांनी या जगाचं जेवढं नुकसान केलं, त्याहून जास्त तुमच्या मावसआजोबांनी एकट्याने, नीट विचार करून केलं, असं माझं ठाम मत आहे. तुम्ही त्यांना फक्त फोटोत पाहिलंत. तिथे ते चारचौघांसारखे दिसतात, कारण फोटोवाल्याने हातातला बांबू बाजूला ठेवायला लावला होता.

माझी धाकटी बहीण वत्सला लग्न होऊन माझ्यामागून मुरुडला आली. आमचं माहेर नगरकडचं. आईचे गुडघे तेव्हाच गेलेले, समुद्र तिने कधी पाहिला नव्हता. पाठवणीच्या वेळी तिने डोळे पुसत जावयाला विचारलं, "ज्यात बसून माणसं समुद्रावर जातात, ते असतं तरी कसं हो?" तर हे जावईबापू म्हणाले, "मी होडीच तुमच्या दारात आणतो. गावच्या तळ्यात फिरवतो तुम्हाला." लग्नात माणसं असं काहीबाही बोलतातच. ते खरं करायला निघालेला जावई मी हा एकच पाहिला.

होडी शिडाची हवी, आत दोघं निजतील एवढं छप्पर हवं आणि ती नारळाच्या ट्रकवर बसून घाट चढायला हवी! ट्रकच्या हौद्याच्या मापाचा बांबू घेऊन हे गृहस्थ श्रीवर्धनपासून मांडव्यापर्यंत हिंडले. एसटीत कंडक्टर बांबूचं तिकीट मागे, हे भांडत. एक होडी लांब निघाली. दुसरीचं बूड इतकं खोल, की ट्रकवर ती नीट बसेना. तिसरीची डोलकाठी आडवी पडत नव्हती, तर "रस्त्यातले वड काय माझ्यासाठी वाकणार आहेत?" असं हे मलाच दरडावत. चौथी सगळ्या मापांत बसली, पण तिचा रंग सासूबाईंना उदास वाटेल म्हणून सोडली. किनाऱ्यावर जाळं दुरुस्त करणारा म्हातारा कोळी एकदा म्हणाला, "भाऊ, होरी बगतंस का पोरीला नवरा? यवरा तर आमी नवरा पन बगत न्हाय!"

लोक हसत. माझा मात्र जीव जळे. होडीशिवाय सासूबाईंना तोंड दाखवायचं नाही हा यांचा पण, आणि नवऱ्याशिवाय बायकोला माहेरी पाठवणं, अगदी माझ्यासोबतही, त्यांच्या घरच्या रीतीत बसत नसे. वत्सलाचं माहेर तुटलं. दर उन्हाळ्यात मी गेले, की आई विचारी, "धाकटीची होडी ठरली का गं?" दर खेपेस तिचा आवाज आणखी बारीक झालेला असे. परत आल्यावर मी तडक यांचं घर गाठी.

"एसटी आहे, रस्ता आहे. आईची नजर जात चाललीय. होडी दाखवणार कुणाला?"

"ताई, शब्द दिलाय," असं म्हणून हे माझ्यापुढे कोकमाचं सरबत ठेवत. संतापलेल्या माणसाला सरबत देणं हा मला आजही शुद्ध अन्याय वाटतो.

अखेर एकदाची होडी ठरली, आणि निघायचं ठरलं वैशाखात. घाटातली वळणं, पूल, झाडांच्या फांद्या, सगळ्याची चौकशी यांनी केली होती. तळ्याच्या पाण्याची केली नव्हती. पाणी आटतं, हे मुरुडच्या माणसाच्या डोक्यात येईल कसं? मी सांगायला तोंड उघडलं, तोच वत्सलाने मागून दंडाला असा चिमटा काढला, की मी नुसतं "आई गं!" म्हणाले.

ट्रकवर होडी, होडीत छत्री उघडून बसलेल्या आम्ही दोघी बहिणी, आणि ड्रायव्हरशेजारी बांबूसह हे. अशी आमची वरात गावात शिरली. तळ्याला भेगा पडल्या होत्या.

"पाणी कुठे आहे?" यांनी विचारलं, जणू आम्हीच ते उचलून ठेवलं होतं. इतक्या वर्षांचं सगळं मला तेव्हाच ऐकवायचं होतं. त्यांचा चेहरा पाहिला आणि राहूनच गेलं.

"पाणी नाही हे यांना आधी कळलं असतं, तर हे पावसाळाभर थांबले असते," वत्सला माझ्या कानाशी पुटपुटली. "आई थांबली असती का, ताई?"

नसती थांबली. मृगाआधीच ती गेली.

पण त्या दुपारी होडी दारात उतरवली होती. आईने ती हातांनी पाहिली, बूड, सुकाणू, गुंडाळलेलं शीड. मग म्हणाली, "मला आत बसवा." वत्सला तिला कुशीत धरून बसली.

"ही हलत कशी नाही?" आईने विचारलं.

यांनी बांबू होडीच्या बुडाखाली सरकवला आणि हळूहळू डोलवू लागले. मला त्यांचा राग अजून येतो, पण तो नेहमी इथवर येऊन थांबतो.

आईने होडीचा काठ घट्ट धरला. "किनारा लांब आहे का हो, जावईबापू?"

"आहे अजून," घाम न पुसता हे म्हणाले, आणि डोलवत राहिले.