रांगोळीखालची दोन नावं

मी सातवी नापास. द्वारका चौकाजवळच्या एका शाळेत शिपाई होतो. शाळेत इंटरनेट आलं तेव्हा कॉम्प्युटरच्या खोलीची किल्ली माझ्याकडे. चपला बाहेर काढल्याशिवाय मी कुणाला आत सोडायचो नाही, हेडसरांनाही नाही. काय दिवस होते! पोरं नेटवरून पानंच्या पानं छापायची आणि स्वतःचा प्रकल्प म्हणून द्यायची. कॉम्प्युटरच्या बाई कावायच्या, "अभ्यासापुरतं थोडं घ्या, पण कुणाचं ते खाली लिहा. सगळंच उचलायचं तर आधी त्याला विचारा." मला वाटायचं, चित्रच तर आहे, कुणाचं काय जातंय?

एकदा प्रिंटरमधून एका मुलीचा कागद निघाला. मोराची रांगोळी, भोवती कांद्याच्या फुलांचे गोंडे. कोपऱ्यात तुटक्या अंगठ्याची चप्पल. माझी! म्हणजे दार आमचं, रांगोळी बायकोची. दिवाळीत गल्लीत एक जण फोटो काढत फिरत होता. नेटवर रांगोळीखाली त्यानं स्वतःचं नाव ठोकलं होतं. माझं डोकंच फिरलं.

बाई म्हणाल्या, "शिव्या देऊ नका. वर्गच त्याला मेल लिहील. काकूंना घेऊन या."

बायको आली, खुर्चीत अवघडून बसली.

"काकू, तुमचं नाव घालायला सांगू ना?"

"गोंडे माझे हायेत. मोर देवळा गावच्या जाऊबाईंचा. त्यांचं नाव आधी घाला."

मी म्हटलं, "अगं, वहिनी कुठं बघायला येतीय? तुझं एकटीचं सांग."

"तुम्ही गप बसा. चप्पल तुमची हाय, तुमचं बी टाकायचं का?"

सगळा वर्ग खिदळला.

पुढं दोन्ही नावं लागली. तिनं पडद्यावर बोट फिरवत आपलं नाव वाचलं. रेशनकार्डावरही ते होतं, पण माझ्या नावाखाली.

मागल्या वर्षी ती गेली. नातीला म्हटलं, ते पान उघड. उघडेना. साइटच बंद झाली म्हणे. त्या दिवशी मी जेवलो नाही. नाव राहील म्हणून निर्धास्त होतो ना.

शेजारच्या सुनेला ही रांगोळी तिनंच शिकवलेली. परवा पाडव्याला सून ती काढत होती. मी जाऊन उभा राहिलो. तोंड उघडणार, तोच ती मान वर न करता म्हणाली, "मोर देवळ्याचा, गोंडे काकूंचे. माहितीय काका, रोज सांगता. चप्पल तेवढी बाजूला घ्या."

मी मुद्दाम नाही घेतली.