आधी टाच बघायची

आमच्या बाळापुरात चांगल्या सुनेचा विषय निघाला की एकच नाव निघतं, शिवकन्या. ती माझी थोरली जाऊ, मी तिला अक्का म्हणते. आमच्या दोघींच्या घरांमध्ये एक बोळ आहे, आणि त्या बोळातून तिचं कौतुक रोज माझ्या घरात येतं. साखर आणायला गेले तरी दुकानदार विचारतो, "शिवकन्याबाईच्या जाऊबाई ना तुमी?" लग्नाला इतकी वर्षं झाली, पण या गावात मी कुणाची तरी जाऊच आहे. जळते म्हणा हवं तर. जळतेच.

कौतुक कशाचं, तर सासूच्या सेवेचं. आमच्या सासूबाई शकुबाई, आम्ही त्यांना आत्याबाई म्हणतो. वाटणी झाली तेव्हा त्या थोरल्याकडे राहिल्या. मला कुणी विचारलं नाही आणि मीही आपण होऊन काही म्हटलं नाही. माझी चूल वेगळी, आणि तेव्हा माझं डोकंही फार दुखायचं. अक्काचं डोकं कधी दुखायचं नाही. सकाळी आत्याबाईंना कढत पाण्यानं अंघोळ, मग केसांना तेल, दुपारी दुधात कुस्करलेली ज्वारीची भाकर, संध्याकाळी पाय दाबून देणं. आत्याबाईंना सोडून ती माहेरीसुद्धा जात नसे.

आणि आत्याबाई? त्यांच्या तोंडून एक बरा शब्द नाही. "ही भाकर हाय का चांबडं?" "तेल लावती का टाळू फोडती?" अक्का मान खाली घालून ऐकायची आणि मागच्या दारी भांडी घासताना पदरानं डोळे पुसायची. मला बोळातून दिसायचं. तेवढ्यापुरतं मला बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू?

तसं आत्याबाईंचं सगळ्यांशीच असं होतं. समोर असलेलं माणूस त्यांना गोड लागत नसे. मामंजी होते तोवर दोघांचं रोज वाजायचं; ते गेले आणि देवमाणूस झाले. वसमतला दिलेली लेक जनकाबाई तिकडे असली की "माझी जनका असती तर" सुरू व्हायचं. आणि जनकाबाई माहेरी आली की संध्याकाळपर्यंत "तुला साधा चहा जमंना" यावर गाडी यायची. लाथा मारणारी म्हैस होती एक. तिला त्यांनीच विकायला लावलं, आणि विकल्यावर तिच्या दुधाचं त्या इतकं गुणगान करत की आमची उरलेली म्हैस ऐकून आटेल असं वाटे.

मग आत्याबाई न्हाणीपाशी घसरल्या आणि त्यांचा खुबा मोडला. नांदेडला ऑपरेशन झालं. घरी आणल्यावर त्यांना उचलता-बसवता अक्काची कंबर धरली, ती अशी की तिलाच धरून उठवावं लागे. डॉक्टरांनी तिला वजन उचलायची मनाई केली. माझ्याकडे एकदा सगळ्यांनी बघितलं. माझं डोकं त्या आठवड्यात जास्तच दुखत होतं. शेवटी माझे थोरले दीर विश्वंभर यांनी आईला वारंगा फाट्याजवळच्या शुश्रूषा केंद्रात नेऊन ठेवलं. चालायला लागेपर्यंत, असं ठरलं होतं.

अक्का त्या दिवशी जेवली नाही. "लोक म्हणतील, शिवकन्यानं सासू टाकली," एवढंच म्हणाली.

पण खरा काटा पुढे टोचला. दीर आईला भेटून यायचे ते खुशीत. "आई मजेत हाय. तिथं मिना म्हणून तांड्यावरची बाई हाय, लई जीव लावती. ती जरा बाहेर गेली की आई म्हणती, मिनाच्या हाताला काय चव हाय." एकदा तर ते म्हणाले, "मी म्हणतो, आईला तिथंच राहू द्यावं. कायमचं. तुझी कंबर बी सुटंल."

अक्काचा चेहरा बघण्यासारखा झाला. "इतकी वर्षं माझ्या हातचं खाल्लं," ती माझ्याकडे येऊन म्हणाली, "एकदा तरी म्हणल्या का चव हाय? कोण ती मिना? काय करती असं वेगळं?" मी आतून सुखावले होते. दुसरीचं कौतुक ऐकून कसं होतं ते आता कळू दे तिलाही.

"मी सोता जाऊन बघते," अक्का म्हणाली. "तिथं एक खोट सापडू दे. त्याच पावली आत्याबाईला घरी आणते. अन् नसंल सापडत, तर राहू दे त्यांना त्यांच्या मिनापाशी." सोबतीला मला घेतलं. मी लगेच निघाले. डोकं दुखायचं मला आठवलंसुद्धा नाही.

कुणाला न कळवता, बाजाराच्या दिवशी आम्ही गेलो. ऑटोत अक्का मला समजावत होती. "आपल्या माणसाकडं काय बघायचं? भेटीला येणार म्हणल्यावर कुणी बी नटवून बसवतं. ज्याला कुणीच भेटायला येत न्हाई, त्याच्याकडं बघायचं. अन् आधी टाच बघायची. पडून पडून कातडी आधी तिथं जाती."

केंद्र हमरस्त्याला लागूनच होतं. बाहेर दोरीवर चादरी वाळत होत्या, आत फिनेलचा वास होता. आत्याबाईंची खोली कुठली ते दारावरच्या माणसानं दाखवलं, पण अक्का तिकडे वळलीच नाही. "इथं कुणाकडं कुणीच येत न्हाई?" तिनं विचारलं. त्यानं कोपऱ्यातल्या खाटेकडे बोट केलं. जळबा नावाचे म्हातारे होते, लकव्यानं एक बाजू गेलेले.

अक्का सरळ त्यांच्या पायथ्याशी जाऊन बसली. "बाबा, कसं हाय?" म्हणत तिनं पायावरची चादर सारली. टाचा मऊ होत्या, तेल चोळलेल्या, आणि घोट्याखाली कापडाची वळकटी ठेवून गादीपासून उचलून धरलेल्या. अक्कानं गादीखाली हात घातला, कोरडी. नखं बघितली, कापलेली. पाण्याचा पेला हुंगला. मग स्वयंपाकघरात जाऊन वरण मागितलं आणि बोटानं चाटलं.

"मीठ बराबर हाय," ती म्हणाली, ते कुणी वारल्याची बातमी सांगावी तसं.

मला हसू आवरेना. मी पदर तोंडाला लावला.

आत्याबाईंच्या खोलीत गेलो तर त्या चार पायांचा वॉकर धरून चालत होत्या. मागे एक ठेंगणी बाई, हातात जुन्या पद्धतीच्या बांगड्या. तीच मिना. तिनं आत्याबाईंना धरलं नव्हतं, नुसते हात तयार ठेवले होते. अक्का धावली तशी ती म्हणाली, "थांबा, येऊन राहिल्या त्या सोता." आणि खरंच, आत्याबाई चालत येऊन खाटेवर बसल्या. आमच्या घरी त्या कुशीवर वळायलाही अक्काला हाक मारत.

"आली व्हय?" आत्याबाईंनी अक्काकडे बघितलं. "मला वाटलं इसरली."

अक्कानं घरून फडक्यात बांधून आणलेली भाकर सोडली. आत्याबाईंनी एक तुकडा मोडला, चावला. "वातड झाली."

मिना पाणी आणायला गेली. तिची पाठ वळताच आत्याबाई म्हणाल्या, "या मिनासारखं कुणी न्हाई बघ. माय करणार न्हाई एवढं करती."

"अन् भाकर?" अक्कानं विचारलं. तिचा आवाज फाटला होता. "तिची भाकर बरी लागती?"

"लोणी हाय लोणी."

अक्का उठली ती थेट मिनाच्या मागे गेली. मीही गेले. भांडण होणार आणि ते मी बघणार, याचा मला आनंद झाला होता. मिना माठापाशी तांब्या भरत होती.

"कसलं पीठ वापरता तुमी?" अक्का म्हणाली. "काय घालता त्यात? माझ्या घरी त्या कधी पोटभर जेवल्या न्हाईत. मी काय कमी केलं?"

मिनानं तांब्या खाली ठेवला आणि अक्काला नीट न्याहाळलं. "तुमीच शिवकन्या का?"

"व्हय."

"तुमाला एकदा बघायचंच व्हतं मला." मिनाचा आवाज चढला. "माझ्यासमोर त्या एक दिवस नीट जेवल्या न्हाईत. शिवकन्याची भाकर कापसावानी. शिवकन्यानं तेल लावलं की डोळा लागतो. शिवकन्याला न सांगता माझी भूक कळती. करपली म्हणल्या, मी भाकर बदलली; निबर म्हणल्या, परत बदलली, तरी न्हाई ते न्हाईच. इतक्या म्हाताऱ्या माणसांचं मी करते, कुणी नाव ठेवलं न्हाई मला. तुमचं नाव ऐकून ऐकून कान किटले माझे. राग येतो बाई मला तुमचा. खरंच येतो."

अक्का बाजूच्या पिठाच्या डब्यावर मटकन बसली.

"आत्याबाई म्हणल्या? असं?"

"रोज म्हणत्यात."

"तेलाचं काय म्हणल्या?"

"डोळा लागतो म्हणल्या."

"अन् भाकरीचं? परत सांगा."

मिनानं परत सांगितलं. अक्का तोंड उघडं ठेवून ऐकत होती. मग तिनं भुकेचं विचारलं, तेही मिनानं सांगितलं, आणि सांगता सांगता मिनाचा राग उतरत गेला. "अन् तुमचं," अक्का थांबून म्हणाली, "तुमचं आमाला सांगत्यात. माय करणार न्हाई एवढं करती म्हणल्या, आत्ता." मिनाचेही डोळे भरले. दोघी एकमेकींकडे बघून रडत होत्या आणि हसतही होत्या.

मी तिथेच उभी होते. भांडण बघायला आले होते आणि बघायला काय मिळालं? दोघींच्याही ओंजळी भरलेल्या. माझ्यानं राहवलं नाही.

"अन् धाकलीचं काय म्हणत्यात?" मी विचारलं.

मिनानं डोळे पुसले आणि जरा आठवून बघितलं. "धाकली? दोन सुना हायत व्हय त्यांना?"

अक्कानं ते ऐकलं. तिनं माझ्याकडे बघायचं टाळलं, एवढं मला कळलं.

व्हरांड्यात येऊन ती खांबाला टेकली. "खोट तर एक बी सापडली न्हाई," ती म्हणाली. "इथं ठेवल्या तर माझं नाव घेत राहतील. घरी नेल्या की उद्यापासून मिनाचं. मला जन्मात परत ऐकायला मिळणार न्हाई गं."

"मग ठेवा की इथंच," मी म्हटलं, आणि अगदी मनापासून म्हटलं. आत्याबाई इथे राहिल्या तर गावातलं अक्काचं कौतुकही हळूहळू थांबलं असतं. "भाऊजी बी तेच म्हणत्यात. तुमची कंबर सुटंल."

अक्का विचार करत राहिली. तेवढ्यात आतून आत्याबाईंचा आवाज आला. "काहून उभी राहिली तिथं? मला काय इथं ठेवून जाती का? घरी ने मला. तुझ्या हाताला दम न्हाई, पर निदान माझी सवय तरी हाय."

"नेते, आत्याबाई," अक्का म्हणाली. मग तिनं मिनाला बोलावलं आणि कंबर न वाकवता आत्याबाईंना कसं उठवायचं, मागे राहून कसं चालवायचं, ते तिच्याकडून परत परत शिकून घेतलं.

पुढच्या आठवड्यात दिरांनी गाडी करून आईला घरी आणलं. पहिल्याच जेवणाला बोळातून आवाज आला, "मिनाची भाकर लोणी व्हती. ही बघ, चांबडं." मी कान देऊन बसले. अक्का खळखळून हसली. "अजून कशी व्हती मिनाची भाकर, आत्याबाई?" तिनं विचारलं आणि आणखी एक वाढली. तेव्हापासून मागच्या दारी तिनं डोळे पुसलेले मी बघितले नाहीत. माझं तेवढं सुखही गेलं. वर गाव म्हणायला लागलं, बघा, केंद्रात ठेवलेली सासू परत घरी आणली, सून असावी तर अशी.

मला रात्रंदिवस एकच वाटू लागलं. अक्का नजरेआड झाली तेव्हा तिचं नाव निघालं. मी तर कायम बोळापलीकडे समोरच असते, माझं कसं निघेल? म्हणून मी सेनगावला माहेरी गेले आणि कधी नाही इतकी राहिले. भाऊ विचारायला लागला, दाजींशी काही झालंय का. तरी राहिले.

परत आले आणि पिशवी घरात टाकून आधी अक्काकडे गेले. ती भाकरी थापत होती. आत्याबाई आत झोपल्या होत्या.

"मी नव्हते तर आत्याबाई काही म्हणल्या का?" मी विचारलं. "माझ्याबद्दल?"

अक्काचा हात क्षणभर परातीत थांबला. मग ती भाकर फिरवत म्हणाली, "म्हणल्या की. धाकलीच्या पुरणपोळीची सर कुणाला न्हाई, म्हणल्या."

मी बरं म्हटलं आणि बोळ ओलांडून घरी आले. पुरणपोळी सोडाच, आत्याबाईंना मी आजवर पाण्याचा तांब्यासुद्धा नेऊन दिलेला नव्हता.