सबजेलमधली सगळ्यांची खोली

नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. तरी कोणते प्रकरण अजून मनातून जात नाही असे कोणी विचारले, तर मला एका फाटलेल्या चित्राचे प्रकरण आठवते.

नव्वदच्या दशकाचा मध्य. बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत मिळून माझी सहा वर्षे गेली. त्यातल्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. कोणत्या, ते सांगत नाही. माणसांची नावेही घेत नाही. ठाण्याला लागूनच सबजेल होते. कारभार तहसीलदारांचा, पहारा आमचा. वीस-बावीस कच्चे कैदी, म्हणजे ज्यांचा खटला अजून चालू आहे असे. सकाळ-संध्याकाळ गिनती, तारखेला कोर्ट, ठरलेल्या दिवशी नातेवाइकांची भेट, असा तिथला क्रम.

मोठ्या बराकीत भिंतीला एकच कोनाडा होता. त्यात कोणी गणपतीचे कॅलेंडर ठेवले होते. शेजारी एका बौद्ध कैद्याने बुद्धाचे चित्र पिठाच्या खळीने चिकटवले होते. त्याच भिंतीपुढे दोघे मुसलमान कैदी नमाज पढत. जागेवरून कुरबुर रोजचीच. एकदा हातघाईही झाली. त्यात पुढे होता एक तिशीतला शेतकरी. कालव्याच्या पाण्याच्या पाळीवरून वरकुट्याच्या एका बागायतदाराच्या धाकट्या भावाचा खून केल्याचा त्याच्यावर आरोप होता.

त्यानंतर तीनच दिवसांनी भिगवणच्या एका हॉटेलवाल्याने निरोप धाडला. हा माझा जुना खबऱ्या. मी गेलो. कपबशी पुसत, माझ्याकडे न बघता तो म्हणाला, "साहेब, सबजेलात बुद्धाचा फोटो फाडला म्हनत्यात. उद्या बाजारच्या दिवशी मोर्चा हाय. मोर्चावालं शांत हायती, पर दुसरंच कुनीतरी दगडं गोळा करतंय."

मला पत्ताच नव्हता. परत येऊन बराक उघडायला लावली. चित्र जागेवर नव्हते. त्याचे तुकडे मागच्या अंगणात कचऱ्याच्या पाटीत मिळाले. सगळ्यांनी बोट दाखवले ते त्या खुनाच्या आरोपीकडे. मलाही तेच पटले. ज्याच्यावर तीनशे दोन लागले आहे, त्याने कागद फाडला यावर विश्वास ठेवायला फार विचार लागत नाही.

मी त्याला समोर बसवले. तासभर विचारले. त्याचे एकच, "म्या न्हाय फाडला. भांडलो, ते खरं हाय. पर देवाला हात न्हाय लावला."

मग ज्याचे चित्र होते त्याला बोलावले. तो फारसा बोलणारा नव्हता. शेवटचे चित्र कधी पाहिलेस, एवढेच विचारले.

"परवा कोर्टाला जायच्या आदी वंदना केली, तवा व्हतं. सांजच्याला आलो, तर न्हाय. आन् साहेब, भिंत वली व्हती. हाताला चुना लागला."

मी पहाऱ्याचे रजिस्टर मागवले. त्या दिवशी अख्ख्या बराकीची तारीख होती. अकरा ते पाच आत एकही कैदी नव्हता आणि किल्ली पहाऱ्यावरच्या हवालदाराकडे होती. तुकडे उलटून पाहिले. मागच्या बाजूला खळीवर चुना वाळलेला होता.

हवालदार आला तो मान खाली घालूनच. निवृत्तीला दोन वर्षे उरलेला, सरळ माणूस. म्हणाला, "तपासणीला वरिष्ठ येणार होते, साहेब. भिंतीला चुन्याचा हात मारून घ्यावा म्हटलं. चुना लागलेल्या हातानेच फोटो सोडवायला गेलो, निघेना, फाटला. घाबरलो आणि टाकून दिला." सगळ्यांबरोबर त्यानेही त्या दुसऱ्या माणसाकडे बोट दाखवले होते. त्याच्या डोळ्यांत पाणी होते, पण मला त्याच्याइतकाच माझाही राग आला.

वरिष्ठांना फोन केला. ते म्हणाले, "कैद्यांच्या झटापटीत फाटला असं लिहिलं तर? हवालदार वाचेल, खात्याची अब्रूही राहील." आदेश नव्हता, सुचवणे होते. मी डायरी उघडून बराच वेळ बसलो. तसे लिहिणे अवघड नव्हते. आरोपी आयता होता, कोणी उलट विचारणार नव्हते. पण पुढे खुनाच्या खटल्यात त्याच कैद्याला कोर्टात उभे करून मी शपथेवर बोलणार होतो. जे घडले तेच लिहिले.

तुकडे पाकिटात घातले, हवालदाराला बरोबर घेतले आणि बौद्ध वस्तीतल्या निवृत्त गुरुजींच्या घरी गेलो. त्यांच्या वडिलांनी छप्पन साली दीक्षा घेतली होती. वस्तीत त्यांचा शब्द अखेरचा. मोर्चाच्या तयारीला आलेली पंधरा-वीस माणसे ओसरीवर बसली होती. मी उभ्यानेच सांगितले, "हे आमच्या माणसाच्या हातून झालं. मुद्दाम नाही, पण झालं. आणि लपवलं, तो गुन्हा वेगळा." हवालदाराने हात जोडले.

गुरुजींनी तुकडे मांडीवर जुळवून पाहिले.

"साहेब, मोर्चा आम्ही थांबवतो. नवं चित्रही देतो. पण लावणार कुठं? त्याच भिंतीवर? पुढच्या तपासणीला पुन्हा चुना लागेल." मग म्हणाले, "आत सगळ्यांसाठी एक खोली का होऊ नये? ज्याचं त्यानं यावं, बसावं, जावं."

हवालदाराची वेतनवाढ रोखली गेली. खोलीचा विषय मी तहसीलदारांकडे नेला. सामान टाकायची एक पडकी खोली रिकामी करता येण्यासारखी होती. ते म्हणाले, "खोली देतो, पण दुरुस्तीला तरतूद नाही. लोकांनी केलं तर करा. आणि गावांतून हरकत आली तर मला थांबवावं लागेल."

मदत मिळत गेली. भिगवणच्या एका मासळीच्या व्यापाऱ्याने सतरंज्या दिल्या. त्याला सगळे चाचा म्हणत. त्याने खोलीत फिरून सांगितले, "नमाजाला पश्चिमेची भिंत कोरी ठेवा साहेब, आमचं भागलं. बाकीच्या तुमच्या." कऱ्हाटीच्या एका शेतकऱ्याने शहाबादी फरशी धाडली. गुरुजी सायकलवरून गावोगाव फिरत होते.

आणि मग हरकतीचा अर्ज आला. पहिली सही वरकुट्याच्या तात्यांची. ज्यांचा भाऊ मारला गेला, ते हेच. साखर कारखान्याचे जुने सभासद. त्यांच्या सहीमागे ऊसवाल्यांच्या चाळीस सह्या.

गुरुजी आणि मी त्यांच्या घरी गेलो. तात्यांनी बसा म्हटले, पाणी दिले. मग म्हणाले, "माजा भाऊ गेला. त्याची बायको आत बसलीया, तिला जाऊन सांगा. मारनाऱ्याला देवाची खोली बांधतोय म्हनून सांगा. सांगताय?"

मी हातातला पाण्याचा पेला खाली ठेवला.

गुरुजी म्हणाले, "तात्या, त्याला शिक्षा कोर्ट देईल. पण आत बाकीची माणसं आहेत. त्यातले कितीतरी सुटून आपल्याच गावांत येणार. भांडत येतील की शांत होऊन, एवढाच प्रश्न आहे."

"माजा अर्ज ऱ्हाईल," तात्या म्हणाले. आम्ही उठलो.

आठ दिवसांनी भर दुपारी तात्या एकटेच ठाण्यात आले. "काय चाललंय ते बघू द्या."

तहसीलदारांची परवानगी घेऊन मी त्यांना आत नेले. स्वखुशीने तयार झालेले कैदी फरशी बसवत होते. त्यांच्यात तो खुनाचा आरोपीही होता. तात्यांना पाहताच हातातली फरशी खाली ठेवून तो भिंतीला टेकून उभा राहिला. मी मध्ये सरकलो. तात्या त्याच्याकडे एवढा वेळ बघत राहिले, की इथे आणले ही चूक झाली असे मला वाटू लागले.

शेवटी त्यांनी नजर खाली वळवली. पायाने फरशी चाचपली.

"तिरकी बसलीया. पानी हितंच साचंल." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "आमच्या गावचा गवंडी धाडतो. अर्जबी काढून घेतो. पर साहेब, त्याला माफ केलं असं कुनाला सांगू नगा. केल्यालं न्हाय."

"नाही सांगणार," मी म्हणालो.

महिन्याभरात खोली उघडली. नारळ फोडायचा की नाही यावर थोडा वाद झाला. शेवटी गुरुजी, चाचा आणि गणपतीवाले मिळून नुसते आत जाऊन बसले. पुढे त्या आरोपीला जन्मठेप झाली आणि त्याला येरवड्याला हलवले. साक्षीत तात्या एक शब्द कमी-जास्त बोलले नाहीत.

पोलिसाला जबाब घ्यायची सवय असते. समोरच्याने खरे सांगावे म्हणून आम्ही दरडावतो, समजावतो, वाट बघतो. गुरुजींच्या ओसरीवर मी पहिल्यांदा जबाब देणारा झालो, आणि खरे बोलायला तोंड उघडताना घसा कसा कोरडा पडतो ते मला कळले. त्यानंतरही चौकशा पुष्कळ केल्या. पण समोर बसलेल्या माणसाला प्रश्न विचारण्याआधी मी पाणी विचारू लागलो.