डाव्या पायाचा राग

इनास गेल्याचा फोन आला तेव्हा मी सातिवलीच्या गोडाऊनमध्ये माल मोजून घेत होतो. मोनिकावहिनी एवढंच म्हणाल्या, "हेमूभाऊ, सकाळी गेले हो हे." पोटाच्या कॅन्सरने चाळिशीही धड उलटू दिली नाही. मी फोन खिशात टाकला आणि पुढच्या पेट्या मोजायला लागलो... कितवी पेटी ते काही केल्या आठवेना, तेव्हा तिथेच खाली बसलो.

नंदाखालच्या चर्चमागच्या मैदानावर आम्ही लहानपणापासून एकत्र फुटबॉल खेळलो. मी वटारचा, केळीच्या बागायतदाराचा मुलगा, फॉरवर्ड. तो नंदाखालचा, बॅक. मला पळायला आवडायचं, त्याहून जास्त टाळ्या आवडायच्या. इनास फारसा पळायचाच नाही. कमरेवर हात ठेवून उभा राहायचा आणि बॉल बरोब्बर तिथेच यायचा. आम्ही त्याला आळशी म्हणायचो. पुढे याच आळशाला गोव्यातल्या एका क्लबने पगारावर घेतलं आणि तो तिथे दहा-बारा वर्षं टिकला. पेपरात नावं यायची ती गोल करणाऱ्यांची. त्याची आई दर फोनला विचारायची, "आज गोल केलास का?" "नाही, समोरच्यांना करू दिला नाही." "मग तुला तिकडे ठेवलाय कशाला?" हा किस्सा इनास स्वतःच रंगवून सांगायचा.

त्यानेच खटपट करून मला क्लबच्या ट्रायलला बोलावलं. निघताना मी त्याला फोनवर ऐकवलं होतं, नाही घेतलं तर घरी येऊन बूट वाडीतल्या बावखलाच्या पाण्यात फेकीन, परत बॉलला पाय लावणार नाही. माझा स्वभावच तसा, एक घाव दोन तुकडे. तिसऱ्या दिवशी मला परत पाठवलं. बस स्टँडवर सोडायला आलेला इनास म्हणाला, "हेमू, कोचने मला विचारलं होतं. मीच नको म्हटलं."

"का?"

"तुझा डावा पाय नुसता उभं राहायला आहे. इतकी वर्षं मी तुला डावीकडेच ढकलतोय, तुझ्या अजून लक्षात नाही आलं."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. त्याच्याकडे न बघताच मी बसमध्ये चढलो.

त्यानंतर नऊ वर्षं मी त्याच्याशी बोललो नाही. नाताळला सुट्टीवर आला की तो गोडाचं ताट घेऊन यायचा, मी मागच्या दाराने वाडीत सटकायचो. बायको चिडायची, मी ताटाला हात लावायचो नाही. चारचौघांत त्याला नाही नाही ते बोललो. बूट फेकायचे मात्र राहूनच गेले, कारण आधी इनासला दाखवून द्यायचं होतं. रोज कामावरून आलो की वाडीच्या कुंपणावर डाव्या पायाने बॉल मारत बसायचो... दर रविवारी मॅच खेळायचो, तेही रागानेच.

गुडघा गेल्यावर तो घरी परतला. गावातल्या जुन्या खेळाडूंच्या मॅचमध्ये समोरासमोर आलो. त्याने सवयीने मला डावीकडे ढकललं. मी डाव्यानेच मारला आणि गोल झाला. इनास मैदानातच बसून हसायला लागला. मी हात दिला, उठवलं, आणि आमचं बोलणं सुरू झालं. पुढची चार-पाच वर्षं संध्याकाळी त्याच्या ओट्यावर बसल्याशिवाय मला चैन पडायचं नाही. बस स्टँडचा विषय मात्र कुणीच काढला नाही.

परवा त्याला जाऊन महिना झाला, त्या दिवशीच्या चर्चमधल्या मिस्साला गोव्याहून ते कोच आले होते, आता म्हातारे झालेत. मी नाव सांगितलं तसे म्हणाले, "तो तू काय? इनास माझ्याशी तीन दिवस भांडला तुझ्यासाठी. मी पहिल्याच दिवशी नको म्हटलं होतं."

"तुम्ही त्याला विचारलं होतं ना?"

"मी कशाला विचारू? तोच मागे लागलेला. सांगत होता, ह्याला घ्या, डावा पाय वर्षभरात शिकेल, मी शिकवतो."

नऊ वर्षं मी ज्या माणसाला शिव्या घातल्या, त्याने त्या, मी बूट फेकू नयेत म्हणून, स्वतःहून मागून घेतल्या होत्या, आणि मी गाढव त्याच्या दारचं गोडसुद्धा खाल्लं नाही.

"मग शिकलास का?" कोचनी विचारलं.

शेजारी उभ्या मोनिकावहिनीच म्हणाल्या, "शिकले ना हेमूभाऊ. डाव्या पायाने ह्यांच्यावरच गोल मारला. त्या दिवशी हे घरी येऊन जेवले नाहीत, नुसतं तेच सांगत बसले होते."