घरी नेलेल्यांचा रकाना

आमच्यात खाटेवर मरायचं नसतं. माणूस जायला लागला की त्याला भुईवर घ्यायचं, तोंडात गंगेचं पाणी घालायचं, तुळशीचं पान ठेवायचं. दवाखान्यातल्या लोखंडी खाटेवर प्राण गेला तर त्याला गती मिळत नाही, आणि बाहेर मेलेल्याला घरात आणता येत नाही. दरबाराच्या मागोमाग दक्षिणेतून ग्वाल्हेरला आलेल्या आमच्या घरांना आपलं मूळ गाव कुठलं हे नीट सांगता यायचं नाही, पण ही रीत कोणी विसरलं नव्हतं. डॉक्टरने मान हलवली की पडावावरच्या अड्ड्यावरून टांगा आणायचा आणि रोग्याला जिवंतपणीच दवाखान्यातून बाहेर काढायचं. यात वाईट काही नाही, मीही तेच मानत होते. फक्त त्या माणसांचं पुढे काय झालं हे कागदावर यायचं राहून जाई, आणि तो कागद लिहायला मी होते.

माझे वडील सरकारी दवाखान्यात रजिस्टर कारकून होते. ते गेल्यावर दरबारच्या रिवाजाप्रमाणे जागा वारसाला मिळायची. माझा धाकटा भाऊ तोवर बिर्ला नगरच्या मिलमध्ये लागला होता, म्हणून ती माझ्याकडे आली. मी मॅट्रिक झालेली, लग्न न झालेली. किला गेटच्या आमच्या गल्लीत चार दिवस चर्चा झाली, की पोरगी आता परक्या पुरुषांची दुखणी लिहीत बसणार. मग दुसरा विषय निघाला आणि लोकांनी मला सोडलं. मी वडिलांच्या खुर्चीवर बसले आणि त्यांच्याच रजिस्टरांवरून काम शिकले. छापील रकाने ते हिंदीत भरत, पण शेवटचा शेऱ्याचा रकाना मोडीत लिहीत, कारण मोडीत हात भरभर चालतो. लहानपणी त्यांनी मलाही मोडी गिरवायला लावली होती. त्या दवाखान्यात ती अक्षरं वाचणारं माझ्याशिवाय कोणी उरलं नव्हतं.

मग दरबार संपला आणि मध्यभारत राज्य झालं. कचेऱ्या अर्धं वर्ष ग्वाल्हेरला, अर्धं इंदूरला. पेट्या भरायच्या, पेट्या उघडायच्या, आणि मधल्या मध्ये हवी ती फाईल कधी सापडायची नाही. दोन संस्थानांचे कारकून आणि खुर्ची एक, अशी गत होती. कोणाला सामावून घ्यायचं आणि कोणाला घरी बसवायचं याच्या याद्या निघत होत्या, त्यामुळे सगळ्यांच्या जिभेला एकाएकी मध लागला होता. इतकी गोड माणसं मी आयुष्यात पुन्हा पाहिली नाहीत. मीही गोडच बोलत होते.

त्याच सुमारास नवे फॉर्म आले. रोग्याचं काय झालं यासाठी त्यात तीनच रकाने होते: स्वस्थ म्हणजे बरा झालेला, छुट्टी म्हणजे घरी सोडलेला, आणि मृत्यु. शेरा नव्हता. मी नव्या हेडक्लार्कला विचारलं, की ज्यांना शेवटच्या घटकेला घरचे घेऊन जातात त्यांना कुठे लिहायचं.

"ज़िंदा गया न, बाईजी?" तो म्हणाला. "तो छुट्टी में डालो।"

क्षयाच्या वॉर्डाला नवा डॉक्टर आला. माळव्याकडून बदलून आलेला, हिंदी बोलणारा, कोरडा आणि सरळ माणूस. सरळ माणसं मला तेव्हा आवडत नसत, त्यांच्यामुळे काम वाढतं. हा महिन्यामहिन्यांनी उशिरा येणारी परदेशी वैद्यकाची मासिकं वाचायचा आणि समासात पेन्सिलीने खुणा करायचा. क्षयावरच्या नव्या औषधाची नुसती वार्ता आमच्यापर्यंत पोचली होती, औषध नव्हतं. आमच्याकडे होती ती सोन्याची सुई. सोन्याच्या क्षाराच्या कुप्या, दरबारच्या वेळेपासून कोठीत पेट्या भरून ठेवलेल्या. लोकांचा तिच्यावर फार विश्वास. वैद्य सुवर्णभस्म देत आला आहे, मग डॉक्टरने सुईतून सोनं दिलं तर ते वाईट कसं असेल, असा सरळ हिशेब. सुरी सोन्याची झाली म्हणून कोणी उरात खुपसून घेत नाही, ही म्हण याच लोकांच्या तोंडी रोज असे. पण म्हण दुसऱ्याला ऐकवायला असते.

डॉक्टरने वाचलं होतं की त्या सुईने काहींची मूत्रपिंडं बिघडतात, आणि फायदा होतो की नाही याचीच तिकडे शंका घेतात. त्याने मला समोर बसवून समजावलं. सुई घेऊन बरे झालेले चार लोक दाखवून काही सिद्ध होत नाही, म्हणाला. ते सुईशिवायही बरे झाले असते. म्हणून एका बाजूला सुई दिलेले मांडायचे, दुसऱ्या बाजूला नुसती खाट, दूध आणि हवा मिळालेले, आणि दोन्हीकडच्या प्रत्येकाचं शेवटी काय झालं ते पाहायचं. एकही माणूस वगळायचा नाही. असा विचार करणारा माणूस मी पहिल्यांदा पाहत होते. मला तो आवडलाही. वडिलांच्या जुन्या रजिस्टरांवरून नव्या फॉर्मच्या रकान्यांत असा तक्ता करायचं काम त्याने मला दिलं. तक्ता इंदूरला जायचा होता, आणि सुई चालू ठेवायची की बंद करायची ते त्यावर ठरायचं होतं.

मी तक्ता करायला घेतला त्याच आठवड्यात माझ्या भावाच्या रुमालाला रक्त लागलं.

हा भाऊ म्हणजे घरातला एकुलता एक हसणारा माणूस. मिलमधल्या प्रत्येक साहेबाची नक्कल करायचा, आईचीसुद्धा, आणि आई रागवायची सोडून पदर तोंडाला लावायची. त्याला वॉर्डात दाखल केलं तेव्हा तो शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याला म्हणाला, "चचा, आप तो यहाँ के पुराने ज़मींदार लगते हो।" आई मला रोज एकच विचारायची.

"सोन्याची सुई कधी सुरू करून राहिलेत? तू तिथेच बसतेस ना, बोल ना साहेबांशी."

डॉक्टर तक्ता पाहिल्याशिवाय सुई देणार नव्हता. म्हणजे सुई माझ्या हातात होती.

आता तक्त्याबद्दल. सुई न दिलेल्यांच्या बाजूला मृत्यू पुष्कळ निघाले. ते लोक बहुतेक एकाएकी गेलेले. फुप्फुसातून रक्ताची उलटी होते आणि टांगा आणायला वेळच मिळत नाही, माणूस वॉर्डातच जातो. सुई दिलेल्यांच्या बाजूला मृत्यू थोडे होते, पण शेऱ्यात पुन्हा पुन्हा वडिलांचं तेच मोडी वाक्य: "तोंड सुजले. लघवी बंद. नातलगांनी शेवटासाठी घरी नेले." हे लोक सावकाश गेले होते. सावकाश जाणाऱ्याला घरी न्यायला सवड मिळते.

मला समजलं नाही असं मी म्हणणार नाही. माझे वडील याच दवाखान्यातून असेच घरी आले होते, आणि त्यांच्या नावापुढे त्यांच्या सोबतच्या कारकुनाने घरी नेल्याचं हेच वाक्य लिहिलं होतं. दुसऱ्या दिवशी आम्ही त्यांना जाळून आलो. तरी मी ती सगळी नावं एकेक करून छुट्टीच्या रकान्यात टाकली. नियम तसाच होता. हेडक्लार्कने सांगितलंच होतं. मनात मी असंही म्हटलं, की हे लोक क्षयानेच गेले असतील, सुईचा काय दोष. माणसाला हवं असलं की कारणं काय, पायलीला पन्नास मिळतात.

डॉक्टरने तक्ता फार वेळ पाहिला. मग छुट्टीच्या रकान्यावर बोट ठेवलं.

"ये लोग जो घर गए, बहनजी, ठीक होकर गए?"

"जी।"

"रजिस्टर में पीछे ये मराठी में क्या लिखा है?"

वडिलांचं अक्षर माझ्यासमोर उघडं होतं. शेजारच्या इमारतीत भाऊ खोकत होता. इथून ऐकू येत नव्हतं, पण मला येत होतं.

"लिखा है, घरवाले ले गए," मी म्हटलं.

सुजलेलं तोंड, बंद झालेली लघवी, शेवट, हे सगळं मी गिळलं. डॉक्टरने माझे आभार मानले, तक्त्यावर सही केली आणि पुढच्या सोमवारी माझ्या भावाला पहिली सुई दिली.

काही आठवडे सगळं उत्तम चाललं. ताप उतरला, आईने मारुतीला नारळ फोडला. मग एका सकाळी भावाचं तोंड भरल्यासारखं दिसलं. आईला कोण आनंद झाला.

"बघ, तब्येत सुधरून राहिली. गाल वर आले."

"ताई, मी आता हेडक्लार्कसारखा दिसतो की नाही?" तो म्हणाला आणि त्याने हेडक्लार्कची मान हलवून दाखवली. मी हसले. मग बाहेर व्हरांड्यात गेले, कारण 'तोंड सुजले' हे वाक्य मी इतक्या वेळा वाचलं होतं.

डॉक्टरने सुई त्याच दिवशी बंद केली. त्याचा चेहरा उतरला होता. त्याने मला बोलावून विचारलं, "ऐसा यहाँ पहले भी हुआ है क्या?"

तेव्हा बोलायला हवं होतं. भावाला वाचवायला नाही, ते हातचं गेलं होतं. पण बोलायला हवं होतं. याद्या अजून निघत होत्या, आणि खोटा तक्ता करणाऱ्या बाईला कोण सामावून घेणार होतं? हे एक कारण. दुसरं त्याहून हलकं होतं: त्या माणसाच्या नजरेतून मला उतरायचं नव्हतं. मी म्हटलं, "मालूम नहीं, साहब।"

भावाची लघवी बंद झाली तेव्हा आई टांगा घेऊन आली. बरोबर शेजारचे दोघे, हातात गंगेच्या पाण्याचा लहानसा गडू. घरी भुई सारवून झाली होती. मला फक्त छुट्टीचा कागद करायचा होता. पेन माझ्या हातात होतं आणि मी तो कागद केला नाही.

मी ठरवलं होतं की हा वॉर्डातच जाईल. हा छुट्टीत जाणार नाही. मृत्यूच्या रकान्यात सुईच्या बाजूला एक आकडा पडेल, डॉक्टर तो पाहील, इंदूरवाले पाहतील, आणि जे मला तोंडाने सांगता येत नाही ते माझा भाऊ सांगेल. तेव्हा मला यात मोठं धैर्य वाटलं होतं. आज मला त्याची किळस येते. दोन वाक्यं बोलायची हिंमत नव्हती म्हणून मी त्याच्या मरणाला साक्षीला उभं केलं.

आईला मी सांगितलं, "डॉक्टर सोडत नाहीत."

"तू सांग ना त्यांना. आपल्यात असं नसतं म्हणून सांग."

"सांगितलं. ऐकत नाहीत."

डॉक्टरला मी काही विचारलंच नव्हतं. त्याने एका शब्दाने अडवलं नसतं.

भावाने माझा हात धरला. नकला करायचं त्राण आता नव्हतं. "ताई, घरी ने. इथे लोखंडावर नको."

"उद्या नेते," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो गेला. आई वाटेत होती. तिने गडूतलं पाणी बंद ओठांवर ओतलं, ते गळ्यावरून उशीवर गेलं. सारवलेल्या भुईपर्यंत तो पोचलाच नाही, दवाखान्यातून परस्पर घाटावर नेला. आई पुढे पुष्कळ वर्षं जगली आणि मरेपर्यंत तिने त्या डॉक्टरला तळतळाट दिले, की कसायाने माझ्या पोराला भुई मिळू दिली नाही. मी समोर बसून भाजी निवडत ते ऐकत असे. आईला मात्र मी वेळेवर घरी आणली.

डॉक्टरने भावाचं सगळं दुखणं सविस्तर लिहून इंदूरला पाठवलं आणि सुई सगळीकडे बंद करावी अशी विनंती केली. उत्तर यायला दोन हंगाम गेले. त्याने मला बोलावून ते वाचून दाखवलं. आपल्याच दवाखान्याच्या तक्त्याप्रमाणे सुईने मृत्यू कमी होतात. एका रोग्यावरून निष्कर्ष काढता येत नाही.

"बात तो सही है," तो म्हणाला. "मैं भी यही लिखता।" मग माझ्याकडे पाहिलं. "पुराने रजिस्टरों में ऐसा कुछ और मिल जाता, बहनजी, तो मैं लड़ लेता।"

रजिस्टरं माझ्या मागच्या कपाटात होती. किल्ली माझ्या कमरेला होती.

"कुछ नहीं है, साहब," मी म्हटलं.

त्याने आपल्या वॉर्डात पुन्हा कोणाला ती सुई दिली नाही. म्हणून वरून हुकूम आला की न वापरलेल्या कुप्या वाया घालवू नयेत, दुसऱ्या जिल्ह्याच्या दवाखान्यात पाठवाव्यात. पेट्या कोठीतून बाहेर काढल्या, खिळे ठोकले. बरोबर आमच्या तक्त्याची एक नक्कल द्यायची होती, म्हणजे तिथल्या डॉक्टरला सुई निर्धास्तपणे देता येईल. ती नक्कल मी केली. माझं अक्षर चांगलं असल्यामुळे असली कामं माझ्याकडेच येत.