दाराजवळची खुर्ची मीच मांडली

चिसोमोला कागदी कप मिळाला.

बाकी पाहुण्यांना झाकणाचे, निळ्या नक्षीचे, चिनी मातीचे. टोकियोहून आलेल्या, प्रोजेक्टला पैसे देणाऱ्या संस्थेच्या माणसांना आधी. मग आमच्या प्रोफेसरांना. मग सरांना. सातो-सान, आमच्या लॅबच्या सेक्रेटरी, ट्रे घेऊन वाकत वाकत टेबलाच्या टोकापर्यंत आल्या, आणि दाराजवळच्या दोन खुर्च्यांसमोर त्यांनी दोन कागदी कप ठेवले. एक माझा, एक चिसोमोचा.

माझं सोडा. मी लॅबची. पोरासोरांना कागदी, पाहुण्यांना आणि मोठ्यांना चिनी मातीचे, ही आमच्याकडची पद्धत. पण चिसोमो मलावीहून आलेली डॉक्टर. ज्या अभ्यासासाठी आम्ही सगळे सेंदाईच्या त्या खोलीत बसलो होतो, तो सुरू केलेला तिने. तिने एकदा सगळ्या टेबलावरून नजर फिरवली. कपांवरून. मग आपला कप उचलला आणि गुमान चहा प्यायली.

मी खाली मान घालून बसले. कारण तिची खुर्ची दाराजवळ मांडली होती मीच.

जपानमध्ये मीटिंगला कोण कुठे बसतं हे साधं नसतं बरं का. दारापासून सगळ्यात लांबची जागा मानाची. पाहुण्याची. दाराजवळ बसायचं ते धावपळ करणाऱ्यांनी. एसी कमी करा, झेरॉक्स आणा, चहाचं बघा. इतकी वर्षं इथे काढल्यावर हे मला झोपेतसुद्धा कळतं. आणि तरी त्या सकाळी नावाच्या पाट्या लावताना मी चिसोमोची पाटी उचलली आणि दाराशी ठेवली.

सरांनी सांगितलं होतं.

सर म्हणजे आमच्या प्रोफेसरांच्या हाताखालचे असोसिएट प्रोफेसर. पुण्याचे. मला इथे पोस्टडॉक म्हणून आणलं त्यांनी, आणि ते मला कधी विसरू दिलं नाही. आल्या आल्या इथल्या मराठी मंडळींच्या गणपतीत त्यांनी माझी ओळख करून दिली, 'आपल्या पुण्याची मुलगी'. मग आरती झाल्यावर बाजूला घेऊन आडनाव दोनदा विचारलं. मूळ गाव विचारलं. घर पुण्यात कुठे ते विचारलं. मी वस्तीचं नाव सांगितलं. त्यांचा चेहरा एकदम प्रेमळ झाला. म्हणाले, तुमच्या लोकांत एवढं शिकलेलं कोणी पाहिलं की बरं वाटतं. मी थँक यू सर म्हटलं. काय करणार होते? हातात मोदक होता.

तर सर म्हणाले, "चिसोमोला तुझ्या शेजारी बसव, दाराजवळ. ती काही गेस्ट नाही. सॅम्पल गोळा करणारी माणसं कुठेही बसतात."

मी म्हटलं, हो सर.

सातो-सान पाट्या बघून घुटमळल्या. हळूच विचारलं, मलावीच्या डॉक्टर पाहुण्या ना? मी म्हटलं, असू दे, सरांनी सांगितलंय. त्या ऑफिसात एकदा 'वरून सांगितलंय' म्हटलं की पुढे कोणी विचारत नाही. त्या आत गेल्या आणि चिनी मातीचा एक कप कपाटात परत ठेवला.

आता हा अभ्यास काय ते सांगते, म्हणजे माझं पाप किती ते कळेल. चिसोमोच्या जिल्ह्यात उन्हाळा आता पूर्वीसारखा राहिलेला नाही. पोटुशी बायका त्या उन्हात शेतात राबतात, पाणी वाहतात, तपासणीला दवाखान्यापर्यंत चालत जातात. मुलं वेळेआधी जन्माला येतात. काही येतच नाहीत. हे सगळ्यात आधी चिसोमोला खटकलं. तिच्या हॉस्पिटलात, रोज बाळंतपणं करताना. तिने बायकांना विचारायला सुरुवात केली, रक्ताचे नमुने जपून ठेवले, आणि मग आमच्या प्रोफेसरांना लिहिलं की तुमच्याकडे उष्णतेचे नकाशे करणारी माणसं आहेत, बरोबर याल का? बरोबर. शब्द तिचा. ते नकाशे मी करते. माझं घरभाडं, माझा व्हिसा, सगळं त्या बायकांच्या उन्हावर चाललंय. आणि आमच्या प्रत्येक कागदावर मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं, भागीदारी.

इथे मीटिंगमध्ये काही ठरत नाही. आधीच एकेकाच्या टेबलाशी जाऊन गोडीगुलाबीने हो म्हणवून घेतात. याला नेमावाशी म्हणतात. मग मीटिंगमध्ये सगळे माना डोलावतात. सर आठवडाभर फिरत होते. प्रोफेसरांकडे, टोकियोच्या माणसांकडे. सगळ्यांचा होकार घेतला. फक्त चिसोमोला कोणी विचारलं नाही.

म्हणून तिला ते थेट पडद्यावर दिसलं. अभ्यासाचे प्रमुख, सर. सगळ्यात खाली, बारीक अक्षरात, स्थानिक समन्वयक, चिसोमो. म्हणजे काय? तर नमुने सेंदाईला येणार, निष्कर्ष इथून निघणार, आणि तिच्या बायकांना त्यातलं काही सांगायचं की नाही ते सर ठरवणार. ती स्लाइड कोणी केली? मीच की. अक्षर बारीक कर हेही सरांनी सांगितलं आणि मी केलं.

चिसोमोने हात वर केला. शांतपणे इंग्रजीत म्हणाली, "हा प्रश्न माझा आहे. माझं नाव खाली का?"

प्रोफेसर समोरचे कागद सारखे करायला लागले. सर हसले, ही फक्त फॉर्मॅलिटी आहे म्हणाले. आणि मग तसंच हसू तोंडावर ठेवून, टेबलापलीकडून मला, मराठीत:

"हिला नंतर समजावून सांग गं. तुम्हा लोकांचं आपसात बरं जमतं."

तुम्हा लोकांचं. जपानमध्ये, डॉक्टरेट झालेल्या बाईला, भर मीटिंगमध्ये. कोणाला काही कळलं नाही. मला कळलं. आणि मी काय केलं? मी हसले. सवयीने. लहानपणापासून अंगवळणी पडलेलं आहे ते, कोणी मोठ्या घरचं बोललं की हसायचं. चिसोमोने मला हसताना पाहिलं. विचारलं, "काय म्हणाले ते?"

मी म्हटलं, "नंतर बोलू म्हणतायत."

मग तो चहा आला.

संध्याकाळी तिला हॉटेलवर सोडायला मी बरोबर निघाले. झाडांच्या रस्त्याने चालत. मला गप्प बसवेना. तिने काही विचारायच्या आतच मी बडबडायला लागले की ते बसायचं वगैरे मनावर घेऊ नकोस, ही जपानी पद्धत आहे. ती थांबली. म्हणाली, मागच्या वेळी मी आले तेव्हा मला खिडकीकडे बसवलं होतं. तेव्हा तुमच्या एका विद्यार्थ्याने सांगितलं होतं की पाहुण्याला दारापासून लांब बसवतात. मग या वेळी माझी पाटी कोणी लावली?

खोटं बोलायला जागाच उरली नव्हती. मी म्हटलं, मी.

ती रागावली असती तर बरं झालं असतं. चार शब्द बोलली असती तर मीही रडून मोकळी झाले असते. तिने फक्त मान हलवली आणि हॉटेलात गेली. मी सबवे स्टेशनच्या जिन्याशी उभी राहिले.

कागदी कप माझ्या ओळखीचाच आहे हो. चौथीत होते. शाळेतल्या मैत्रिणीच्या घरी वाढदिवसाला गेले होते, सोसायटीत, तिसऱ्या मजल्यावर. खेळून सगळ्यांना तहान लागली. काकूंनी सगळ्या पोरींना स्टीलचे पेले दिले. मला थर्माकोलचा ग्लास. कोरा, पांढराशुभ्र. "हा तुझ्यासाठी खास, धुवायची कटकट नको," असं हसून म्हणाल्या. मला काय आनंद! मी थँक यू काकू म्हटलं. घरी येऊन आईला कौतुकाने सांगितलं. आई म्युनिसिपालिटीच्या दवाखान्यात आया होती, नुकती ड्यूटीवरून आलेली. तिने विचारलं, बाकीच्या पोरींना कशात दिलं? मी सांगितलं. आई म्हणाली, "त्या घरी पुन्हा पाणी प्यायचं नाही. तहान लागली तर तहानलेली घरी ये."

तेव्हापासून मी काकूंना मनात शिव्या घालत आले. पण तो ग्लास दुकानातून कोणीतरी आणला असेल ना? घरातल्याच कुणाला तरी पाठवलं असेल, जा रे, एक ग्लास घेऊन ये. तो माणूस मला कधी दिसला नव्हता. सेंदाईच्या त्या जिन्याशी दिसला. ती मी होते. काकूंना निदान आपण काय करतोय ते माहीत नसेल असं म्हणता येईल. मला तर सगळं माहीत होतं. अंगावर काढलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी शेवटची मीटिंग, त्यानंतर करारावर सह्या. मी सगळ्यांच्या आधी गेले. चिसोमोची पाटी उचलून खिडकीकडे, टोकियोच्या माणसांच्या शेजारी ठेवली. सातो-साननी बघितलं आणि न विचारता कपाटातून कप काढला.

सर आले. हे कोणी केलं, त्यांनी विचारलं. मी म्हटलं मी. ते आवाज न चढवता म्हणाले, "मार्चमध्ये तुझं कॉन्ट्रॅक्ट रिन्यूअल आहे, लक्षात आहे ना?"

लक्षात होतं. तरी मीटिंग सुरू झाली तेव्हा मी उभी राहिले. आधी जपानीत बोलले, मग इंग्रजीत. म्हटलं, काल या खोलीत माझ्या भाषेत एक वाक्य बोललं गेलं. डॉक्टर चिसोमोंनी मला त्याचा अर्थ विचारला आणि मी खोटं सांगितलं. आता खरं सांगते. आणि सरांचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं. 'तुम्हा लोकांचं' म्हणजे कोणाचं, तेही सांगितलं. माझी जात सांगितली. त्या खोलीत तो शब्द पहिल्यांदाच उच्चारला गेला असेल. मग म्हटलं, कालची स्लाइडही मी केली, आणि ती चुकीची आहे. अभ्यास यांचा आहे.

प्रोफेसरांनी, इथे अवघड झालं की ओढतात तशी, दातांतून हवा ओढली. सर लाल झाले, जोक होता म्हणाले. चिसोमो एवढंच म्हणाली की अभ्यास माझ्या नावावर राहणार नसेल तर नमुने माझ्या हॉस्पिटलातून हलणार नाहीत. टोकियोची माणसं म्हणाली, विचार करू. इथे विचार करू म्हणजे बहुतेक वेळा नाही. सह्या झाल्या नाहीत. चिसोमोने समोरच्या निळ्या कपाला हात लावला नाही.

मला वाटलं होतं, ती बाहेर येऊन माझा हात हातात घेईल. वाटलं होतं, लपवत नाही. पॅसेजमध्ये ती म्हणाली, "काल तू मला दाराशी बसवलंस. आज खिडकीशी. दोन्ही वेळा मला विचारलं नाहीस."

तिचं खरं आहे.

सर आता माझ्याशी मराठी बोलत नाहीत, इंग्रजीत बोलतात. बरंच झालं. मी प्रोफेसरांना लिहून दिलंय, नकाशे माझ्या हातचे आहेत, आणि अभ्यासावर चिसोमोचं नाव पहिलं असल्याशिवाय त्यातला एकही मी छापायला देणार नाही. या वेळी आधी चिसोमोला विचारलं. हे चालेल का? तिने एका शब्दात कळवलं, चालेल. आभार मानले नाहीत. मानायचं कारणच नाही.

मार्चमध्ये काय व्हायचं ते होवो. यापुढे त्या टेबलावर कोणाचीही पाटी मी लावणार नाही, आणि तिथला चहाही पिणार नाही. चिनी मातीच्या कपात दिला तरी नाही. तहानलेली घरी जाईन.